कोविडची लस घेतली ती लोकलसाठी. मग? (ऑगस्ट २०२१)

चौथी सीट
काल इथे कुणीतरी लिहिलं, "सामान्यांना बंद असलेली लोकल १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना खुली, हे ऐकून लसीला धावणारे स्वार्थी. लस आरोग्यासाठी असते, डब्यात पत्ते कुटायला नाही." झोपच उडाली. डोंबिवलीहून फोर्टला मी एसटीने जात होतो. शीळफाट्याला बस अडकली की पुढच्याची मान बघत बसायचं. हो, लोकलसाठीच घेतली! आमच्या डब्यात मंगळवारी भजन व्हायचं. एक काका टाळ जेवणाच्या डब्यासोबत पिशवीत आणायचे, डब्याच्या तेलाने टाळांची दोरी पिवळी झालेली. मला ते हवं होतं. सुई काय हेतू विचारून टोचतात?

माहीमची मधली
मीच लिहिलंय ते. हेतू विचारायचाच, कारण दुसरा डोस झाला की मास्क हनुवटीवर येतो. लस घेतलेल्यालाही लागण होते, त्याच्याकडून दुसऱ्यालाही. ४५ वरच्यांना १ एप्रिलपासून लस मिळत होती. माझी मावशी "गर्दी ओसरू दे" म्हणत राहिली. महिनाअखेरीस गेली.

चौथी सीट
वाईट झालं. पण लोकलची अट तेव्हाच असती तर त्या गेल्या असत्या ना रांगेत?

माहीमची मधली
माझ्या मावशीला तुमच्या मुद्द्याला जुंपू नका.

विरार फास्ट
तुमचे दोन्ही डोस झालेत, भांडा निवांत. आम्ही १८ वरचे. कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या साइटवर, ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब. शेवटी खासगीत ७८० मोजून २० जूनला पहिला. दोन डोसांत ८४ दिवस धरले तर दुसरा १२ सप्टेंबरला, त्यानंतर थांबायचे १४ दिवस, म्हणजे लोकल २६ ला. गणपती १० ला! आजीकडे परळला कसा जाऊ, उडत?

शिवडी सेकंड क्लास
आणि डोस झाले तरी साधं तिकीट कुठे देतात? महिन्याचाच पास. मला आठवड्यातून एकदा ठाण्याला जायचंय, बाकी दिवसांचे पैसे कोण देणार?

विरार फास्ट
निदान पास तरी मिळतो!

शिवडी सेकंड क्लास
मिळतो? सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, आधारवर बरोबर. पासासाठी कागद तपासून शिक्का मारणारा म्हणाला, "यातले तुम्ही कोण?" दोन चकरा झाल्या. त्यापेक्षा बेस्टची बस बरी.

ठाणे स्लो
बेस्टमध्ये उभ्याने चेंगरून गेलेलं चालतं, तिथे कुणी डोस विचारत नाही. विषाणू फक्त रुळांवरून येतो वाटतं. सगळ्यांनाच तिकीट द्या.

माहीमची मधली
धागा तिकीट खिडकीचा नाही. आणि बसचं म्हणाल तर तिथेही विचारा, लोकल मोकाट सोडणं हा काय उपाय?
@चौथी सीट, भजनासाठी घेतलीत तरी घेतलीत, एवढं मान्य करते. नाक झाका.

चौथी सीट
केवढे उपकार! झाकतो. पण अभंग म्हणायला तोंड उघडावं लागतं, त्याचं काय?

माहीमची मधली
टाळ वाजवा.