लायब्ररीच्या पार्क पासवर सासू-सासऱ्यांना कुठे न्यावं?

सांगलीची_सून: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. सासू-सासरे दिवाळीनंतरपर्यंत इथेच आहेत, शिवाय दोन मुलं. बाहेर पडलं की पार्किंग, तिकिटं, खाणं. सासरे पाटीवरचा प्रत्येक डॉलर रुपयांत गुणतात आणि "मी गाडीतच बसतो" म्हणतात. लायब्ररीत स्टेट पार्कचा, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांचा, पास मिळतो म्हणे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको.

कोथरूड_ते_सनीव्हेल: मिळतो की! 2022 पासून कॅलिफोर्नियात ही सोय आहे. लायब्ररी कार्डावर पुस्तकासारखाच घरी न्यायचा आणि गाडीच्या आरशाला अडकवायचा. 200 हून जास्त स्टेट पार्कांत दिवसभराच्या पार्किंगचे पैसे पडत नाहीत. 9 सीटपर्यंतची गाडी चालते, म्हणजे मिनिव्हॅन असेल तर तुम्ही सगळे एका पासात.

अडचण एकच, पास थोडे आणि मागणारे फार. आजच ऑनलाइन नंबर लावा. शेजारच्या काउंटीचं (जिल्ह्याचं) लायब्ररी कार्डही काढून ठेवा, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना ते बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. शक्य असेल तर शुक्रवारी रजा टाकून जा. शनिवारी दहानंतर पोचलात तर पास हातात असून जागा नाही अशी गत होते, कारण पास म्हणजे आरक्षण नव्हे.

सासूबाईंसाठी डोळे झाकून हेन्री कॉवेल स्टेट पार्क, फेल्टन गावाजवळ. रेडवुडच्या उंच झाडांमधली पायवाटेची फेरी पाऊण मैलाच्या आसपास आणि सपाट, व्हीलचेअरही जाते. सर्वांत उंच झाड सुमारे 277 फूट. एक झाड आतून पोकळ आहे, त्यात मुलं शिरली की तासभर निश्चिंती. आमच्या आईने तिथल्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, बाबांनी "इथे रोज आणलंस तरी चालेल" असं जाहीर केलं. फुकट आहे हे त्यांना आधीच सांगितलं होतं, हे महत्त्वाचं. तिकडे जाणाऱ्या 17 नंबरच्या रस्त्याला वळणं फार, आवळासुपारी जवळ ठेवा. शेजारच्या जुन्या आगगाडीचं तिकीट आणि पार्किंग वेगळं, त्यावर हा पास चालत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर जात असाल तर परतताना सांताक्रूझचा नॅचरल ब्रिजेस किनारा. निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं थव्याने लटकलेली असतात, तिथवर लाकडी फळ्यांची वाट आहे. ऊन पडल्यावर बघा, गारठ्यात ती पंख मिटून बसतात आणि वाळक्या पानांसारखी दिसतात.

कॅम्पिंग, हर्स्ट कॅसल या जुन्या महालाच्या टूर या पासात येत नाहीत. मुअर वूड्स हे रेडवुडचं प्रसिद्ध जंगल तर स्टेट पार्कच नाही, ते केंद्र सरकारचं.

नाशिककर_ओकलंड: मुलांपैकी कुणी चौथीत आहे का? असेल तर त्याच्या नावावर नॅशनल पार्कचा वर्षाचा पास फुकट निघतो, 'एव्हरी किड आउटडोअर्स' नावाने. मुअर वूड्सचं प्रवेशशुल्क त्यात सुटतं, पार्किंग मात्र आधी बुक करावंच लागतं. आणि पावसाच्या दिवसांसाठी 'डिस्कव्हर अँड गो' बघा, त्याच लायब्ररी कार्डावर म्युझियमचे पास.

सांगलीची_सून: थोरली चौथीतच आहे! पार्क पासला नंबर लावला. सासऱ्यांचा प्रश्न: पास हरवला तर किती भरावे लागतात?

कोथरूड_ते_सनीव्हेल: लायब्ररीगणिक नियम वेगळे, पास घेतानाच काउंटरवर विचारा. आणि परत करताना हातातच द्या, पुस्तकांच्या पेटीत टाकू नका.