कोल्हापुरात व्हील अलाइनमेंटसाठी भरवशाचं, वाजवी दराचं गॅरेज सुचवा

सायली_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. गाडी 2019 ची स्विफ्ट पेट्रोल. रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी येणं-जाणं, आणि हायवेच्या सहापदरीच्या कामामुळे सर्व्हिस रोडची काय अवस्था आहे ते तुम्हाला माहितीच आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक जोरात आदळलं, तेव्हापासून स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते आणि सरळ चालवायची तर स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवावं लागतं. पुढच्या डाव्या टायरची आतली कड हाताला एकदम गुळगुळीत लागते, बाहेरच्या बाजूला नक्षी अजून चांगली आहे.

एका ठिकाणी दाखवली. त्यांनी मशीनवर घेतली आणि लगेच म्हणाले कॅम्बर आउट आहे, दोन्ही बाजूचं करावं लागेल, त्याचे 1800. अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), नायट्रोजन असं सगळं धरून 3400 सांगितले. रिपोर्टची प्रिंट द्या म्हटलं तर प्रिंटर बंद आहे म्हणे. मी गाडी तशीच परत आणली.

हा खर्च बरोबर आहे का? आणि जिथे नीट बघून, समजावून सांगून काम करतात असं गॅरेज कुणाला माहिती आहे का? नाव धाग्यावर नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चालेल.

बुलेट_ते_बोलेरो
ताई 3400 लईच झालं. मी हॅचबॅकला अलाइनमेंटचे 350 ते 500 च्या वर कधी दिले नाहीत, बॅलन्सिंग चाकाला शंभरच्या आसपास आणि वजन लावलं तर त्याचे ग्रॅमवर वेगळे. नायट्रोजनचं सोडा, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतोय, आठवड्याला प्रेशर बघत जावा तेवढं बास. उद्यमनगरात एक जण आहेत, स्वतः गाडीखाली जाऊन बघतात मगच मशीन लावतात, आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या तिथंच. व्यनि केलाय.

टूलरूम
सायली, तुमच्या लक्षणांवरून कॅम्बरपेक्षा टोची शंका जास्त येते, आणि त्यातही डाव्या बाजूचा एखादा पार्ट ढिला झालाय किंवा वाकलाय असं वाटतं. जरा सविस्तर लिहितो कारण हा कॅम्बरचा प्रकार खूप जणांच्या बाबतीत झालेला ऐकलाय आणि राग येतो त्याचा.

अलाइनमेंटमध्ये मुख्य मापं तीन. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत वळलंय की बाहेर, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय, आणि कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर ज्या अक्षावर चाक वळतं तो किती मागे झुकलाय. स्विफ्ट, वॅगनआर, आय ट्वेंटी अशा आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो. यात कंपनीने ॲडजस्ट करायला ठेवलेला असतो तो पुढचा टो, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) चेक नट सैल करून रॉड फिरवायचा की झालं. मागचा टो आणि कॅम्बर बीमसोबतच ठरलेला असतो, तो मशीनवर फक्त वाचता येतो.

पुढचा कॅम्बर खरंच लिमिटच्या बाहेर असेल तर त्याला कारण असतं. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय, स्ट्रट वाकलाय, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय, बुश (जोडातलं रबर) गेलाय, काहीतरी झालेलं असतं. तो पार्ट शोधून बदलायचा. ते न करता जॅक लावून स्ट्रट ढकलायचा किंवा बोल्ट बदलून स्क्रीनवर आकडा हिरवा (म्हणजे मापात) करून दाखवायचा, हे मला बिलकुल मान्य नाही, कारण वाकलेला पार्ट तसाच राहतो आणि त्याच्या भरवशावर तुम्ही घाट उतरता. आणि खड्ड्यात एकच चाक आपटलंय तर दोन्ही बाजूचा कॅम्बर कसा काय आउट होतो हे त्यांना विचारायला हवं होतं.

टो किती नुकसान करतो याचा ढोबळ हिशेब सांगतो. 15 इंची रिमवर दोन्ही चाकांचा मिळून टो 3 मिमीने चुकला असेल तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे साधारण 4 मीटर आडवं घासत जातं. तुमचं रोजचं अंतर धरा आणि टायरची आतली कड कुठे गेली ते कळेल. टो बाहेर असला की आतली कड जाते, आत असला की बाहेरची, आणि तळवा टायरवर आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागतं. घरी करून बघा.

आता गॅरेज कसं ओळखायचं. मशीन कोणत्या कंपनीचं आहे याला लोक फार महत्त्व देतात, हंटर असेल तर भारी वगैरे. कॅमेऱ्यावाली थ्रीडी मशीन चांगलीच असतात पण मशीनला काय, गाडी जशी उभी केली तसं ते माप देणार. मी बघतो ते हे, की मशीन लावायच्या आधी माणूस काय करतो. चारी टायरचं प्रेशर दाराच्या स्टिकरप्रमाणे केलं का? पुढची चाकं उचलून वरखाली आणि डावीउजवीकडे हलवून प्ले (ढिलेपणा) बघितला का? टाय रॉड एंड, बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), लोअर आर्मचे बुश टॉर्च मारून बघितले का? मग गाडी पुढची चाकं टर्न टेबलवर (फिरत्या चकत्यांवर) घेऊन उभी, चाकांना टार्गेट (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या पाट्या) लावल्यावर गाडी थोडी मागेपुढे ढकलून रिमचं रनआउट (रिम किती वाकडं फिरतं ते) घेतात, स्टिअरिंग बरोबर मध्ये आणून लॉक करतात, ब्रेक पेडल दाबून ठेवायची दांडी लावतात. स्टिअरिंग लॉक न करता टो सेट केला तर आकडे बरोबर येतात आणि स्टिअरिंग वाकडंच राहतं. ही गोष्ट काचेतून बाहेर उभं राहूनसुद्धा दिसते.

आणि प्रिंट. आधीची आणि नंतरची, दोन्ही. ती देत नसतील तर पैसे देऊ नका.

मी_शिरोळची
टूलरूम दादा, फार छान समजावलंत, सेव्ह करून ठेवतेय. बाई एकटी गाडी घेऊन गेली की हेच होतं, आधी मोठा आकडा सांगायचा. मी आता गेल्यागेल्या विचारते "टाय रॉड एंडचा प्ले बघितला का", समोरच्याची बोलायची पद्धत तिथेच बदलते.

अंबाबाईचा_भक्त
माझं मत थोडं वेगळं आहे. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुठेही हात लावू देत नाही. थोडे पैसे जास्त जातात पण बिल मिळतं, जीएसटी लागतो, काही झालं तर जाब विचारता येतो. बाहेर कुणाला विचारणार.

बुलेट_ते_बोलेरो
साहेब बिल बाहेर पण मिळतंय, मागितलं की देतात. मोठ्या टायर कंपन्यांची दुकानं हायती, तिथं पण पक्कं बिल असतंय. सर्व्हिस सेंटरला अडचण एकच, गाडी आत गेली की आपल्याला दिसत नाही कोण काय करतंय. सर्व्हिसच्या यादीत अलाइनमेंट लिहिलेलं असतंय पण प्रिंट हातात येत नाही, मग ते केलं का नाही कसं कळणार सांगा. जिथं उभं राहून बघू देतात तिथंच जायचं हे आपलं ठरलेलं.

टूलरूम
दोघांचंही पटतं. सर्व्हिस सेंटरमध्ये करायचं असेल तर सल्लागाराला आधीच सांगायचं की अलाइनमेंटच्या वेळी मला बोलवा आणि दोन्ही प्रिंट जॉब कार्डला लावा. बरेच जण ऐकतात.

सायली_राजारामपुरी
सगळ्यांचे मनापासून आभार. करवतीचं करून बघितलं, डाव्या टायरला अगदी तसंच लागतंय, उजव्यालाही थोडं. अजून एक विचारते, आधी टायर बदलू की आधी अलाइनमेंट? टायर गाडीसोबत आलेलेच आहेत.

टूलरूम
आधी ढिलं काही आहे का ते बघणं आणि असेल तर दुरुस्ती, मग टायर, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. नवीन टायर वाकड्या मापावर चढवले तर तेही कडेने जायला लागतील. पण बदलायचेच का ते आधी बघा. टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिमी उरली, तिथे टायर संपला. आतली कड तिथपर्यंत गेली असेल तर बाहेरून कितीही चांगला दिसू दे, तो टायर काढा. बाजूला चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तुमचे टायर वयानेही झालेच आहेत, रबराला बारीक चिरा दिसत असतील तर वाट बघू नका.

गडकोट_भटका
टायर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, टायरवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झालाय. कुणी जुन्या रेटकार्डावरून भाव सांगत असेल तर स्पष्ट विचारा.

बाकी माझ्याकडे एक्सयूव्ही 700 आहे, तिला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वेगवेगळे दांडे), म्हणजे चारी चाकांची अलाइनमेंट आणि मागचाही टो आधी सेट करून मग पुढे यायचं असतं. अशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दोन चाकांची अलाइनमेंट करून येऊ नये. ईएसपीवाल्या (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या) गाडीचं स्टिअरिंग मध्ये आणल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर झिरो करावा लागू शकतो, तो स्कॅनर त्यांच्याकडे आहे का हे फोनवरच विचारून घ्या.

पंचगंगा_काठ
माझा प्रश्न सायलीताईंच्याच विषयाला धरून. अलाइनमेंट करून आलो, प्रिंटवर सगळं हिरवं, तरी गाडी डावीकडे ओढते. आता काय?

टूलरूम
आधी रस्ता बघा. आपण डावीकडून चालतो आणि पाणी जायला रस्त्याला डावीकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे जाणं हा दोष नाही. सपाट मोकळ्या जागी, वारा नसताना बघा. तरी ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावा, मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका. गाडी उजवीकडे ओढायला लागली किंवा ओढायची थांबली तर दोष टायरमध्ये आहे, अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी जाणार नाही. काही फरक पडला नाही तर थोडं चालवून उतरा आणि रिमच्या जवळ हात न्या, चिकटवू नका भाजेल. डावं चाक उजव्यापेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय.

आणि प्रिंट वाचताना एक बघा, आकडे अंशात आहेत की अंश आणि मिनिटांत. 0.30 अंश म्हणजे 18 मिनिटं होतात, 30 नाही. दोन गॅरेजच्या प्रिंट शेजारी ठेवून लोक उगाच घाबरतात.

सायली_राजारामपुरी
काम झालं! बुलेटदादांनी सांगितलेल्या उद्यमनगरच्या काकांकडे गेले. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही आधी. गाडी उचलली, डावं चाक दोन्ही हातांनी तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, मला म्हणाले "तुम्ही पण धरून बघा." धरलं तर आत बारीक टकटक जाणवली, उजव्या चाकाला तसं काहीच नाही. डावा टाय रॉड एंड ढिला झाला होता, रबराचं बूटही फाटलं होतं. लोअर आर्म, बॉल जॉइंट, स्ट्रट व्यवस्थित.

जुना पार्ट काढून माझ्या हातात दिला. मग अलाइनमेंट. आधीच्या प्रिंटवर डावा टो उणे (म्हणजे बाहेर) 0.32 अंश, उजवा उणे 0.11, नंतर दोन्ही 0.02. कॅम्बर दोन्ही बाजूंचा पहिल्यापासून हिरव्यातच होता! म्हणजे ते 1800 कशाचे सांगितले होते देव जाणे. मागची चाकं वाचून दाखवली आणि यात काही करायचं नाही असं स्वतःहून सांगितलं.

बिल असं: टाय रॉड एंड मजुरीसकट 950, अलाइनमेंट 400, चार चाकांचं बॅलन्सिंग वजनासकट 460, एकूण 1810. दोन्ही पुढचे टायर लवकरच बदला म्हणाले, पण स्वतःकडून घ्या असा आग्रह नाही केला. मलाही घेऊन शेजारी बसवून चक्कर मारली, स्टिअरिंग सरळ आणि गाडी सरळ.

बुलेटदादा, टूलरूमदादा, खरंच खूप आभार.

बुलेट_ते_बोलेरो
लई भारी ताई. काकांना सांगतो. टायर बसवले की परत एकदा मशीनवर घ्या बरं का.

इचल_वारकरी
इथेच विचारतो. माझ्या डिझायरचं स्टिअरिंग 80-90 च्या पुढे थरथरतं, त्याखाली काही नाही. गाडी कुठे ओढत नाही. अलाइनमेंट करून घेऊ का?

टूलरूम
नको, ओढत नाही आणि टायर एका कडेने खात नाही तर आधी बॅलन्सिंग. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं म्हणजे बहुतेक पुढच्या चाकांचंच. पण त्याआधी चाक काढून रिमची आतली बाजू बघा, आपल्याकडे शेतातल्या रस्त्याने गेलं की काळा चिखल आत बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. तो खरवडून धुतल्याशिवाय बॅलन्सिंग केलं तर चिखल पडल्यावर पुन्हा थरथरणार. अलॉय असतील तर आतून चिकटवायची वजनं लावायला सांगा, कडेवर ठोकायची नकोत, रिमचा रंग जातो. बॅलन्सिंगनंतरही राहिलं तर रिम मशीनवर फिरताना त्याची कड डोळ्यांनी बघा, वरखाली हलताना दिसली तर रिम बेंड आहे.

इचल_वारकरी
धन्यवाद दादा, रविवारी चाकं धुऊनच नेतो. सायलीताई, त्या काकांचं लोकेशन मलाही व्यनि करा, आणि रविवारी चालू असतं का तेही सांगा.

सायली_राजारामपुरी
केलाय. रविवारी दुपारपर्यंत असतं, फोन करून जा.