मदत हवी आहे: आन्सीत एक निवांत दिवस, आम्ही दोघंच (वय ७१ आणि ६७)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. सध्या मुलाकडे जिनिव्हाला आलोय, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहोत. इथून साधारण ४० किलोमीटरवर फ्रान्समध्ये आन्सी नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, तिथे एक दिवस जायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, "शनिवारी गाडीने नेतो. सकाळी आन्सी, दुपारी शामोनी, एका दिवसात दोन्ही उरकू." (शामोनी म्हणजे माँ ब्लाँ डोंगराच्या पायथ्याचं गाव.) बिचाऱ्याला सुट्टीच तेवढी, त्याचा हेतू चांगलाच आहे. पण "उरकू" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आठ वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर युरोप पाहिला. १४ दिवसांत सात देश. बस थांबली की पाऊण तास, की परत बसमध्ये. एका गावी हे पुलावर उभं राहून खालचं पाणी बघत होते आणि मी लांबून हाका मारत होते, कारण बस सुटायला आली होती. घरी येऊन फोटो काढून बसलो तर तो पूल कुठल्या गावचा हे दोघांनाही आठवेना. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून या वेळी एकच गाव, एकच तळं आणि बसायला बाक, एवढंच हवंय. आणि दोघंच जायचंय, आमच्या आम्ही.

ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर अर्धा तास चालतात, मग टेकावं लागतं. चढ, जिने नकोत. मला मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळून चालत नाही. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

आता ओढ कशाची ते सांगते. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची आणि सांडपाणी, जलपर्णी बघून जीव जाळत घरी यायचं, असं कितीतरी वर्षं चाललं. आन्सीचं तळंही एकेकाळी बिघडत चाललं होतं आणि गावांनी मिळून ते सावरलं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून ते पाणी एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. मी शाळेत इतिहास शिकवायचे. नववीला फ्रेंच राज्यक्रांती, त्यात रूसो आलाच. त्याचा या गावाशी काही संबंध आहे म्हणतात, तो नक्की काय?

तर विचारायचं ते असं: बस बरी की रेल्वे? कुठल्या वारी जावं? आमचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) स्वित्झर्लंडने दिलेला, एकदाच प्रवेशाचा आहे, तर फ्रान्समध्ये जाऊन परत येता येईल ना? तिथे खायचं काय? आणि मनापासून सांगा, एका गावात अख्खा दिवस घालवणं म्हणजे दिवस वाया घालवणं आहे का?

प्रतिसाद: झुळूक

काकू, आधी व्हिसाचं, म्हणजे तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. २००८च्या डिसेंबरपासून स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे जिनिव्हाहून आन्सीला गेलात तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही, एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. मूळ पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, हद्दीवर कधीकधी तपासतात. दोन गोष्टी विसरू नका. तिथे युरो लागतात, फ्रँक नाही. आणि मोबाईलचं स्विस कार्ड फ्रान्समध्ये गेलं की परदेशातलं ठरतं, म्हणून त्याच्या योजनेत फ्रान्स धरलाय का ते मुलाला बघायला सांगा, नाहीतर डेटा बंद करून जा.

बस तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ घेते, पण रस्त्यावर गर्दी असली की अडकते. मी तुमच्या जागी रेल्वेच घेईन. लेमान एक्सप्रेस या लोकल रेल्वेची आन्सीची गाडी जिनिव्हाच्या कोर्नाव्हाँ या मुख्य स्टेशनातून निघते, मध्ये बदलावी लागत नाही, साधारण दीड तास लागतो. उठून पाय मोकळे करता येतात, काकांच्या गुडघ्याला तेच बरं. आन्सी स्टेशनपासून तळं सपाट रस्त्याने दहा-पंधरा मिनिटांवर.

वार शुक्रवार घ्या. जुन्या गावातला बाजार मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सकाळी भरतो, त्यात शुक्रवारी गर्दी रविवारपेक्षा कमी. दुकानात शिरल्यावर काहीही विचारण्याआधी "बोंजूर" म्हणायचं. ते न म्हणता थेट प्रश्न केला तर त्या लोकांना तो उद्धटपणा वाटतो. एवढ्या एका शब्दाने माणसं किती मऊ होतात ते तुम्हीच बघाल.

प्रतिसाद: खडीवाट

मी आई-बाबांना घेऊन गेले होते, बाबांचे गुडघेही असेच. किल्ल्याचा चढ सोडून द्या, दगडी आणि उभा आहे. खालून दिसतो तेवढा पुरे. जुन्या गावात फरसबंदी खडबडीत आहे, जाड तळव्याचे बूट हवेत. सेंट क्लेअर रस्त्याला कमानी आहेत, त्यांच्याखालून सावलीत चालता येतं.

बसायला मात्र हे गाव फार चांगलं. युरोप बागेत मोठमोठी झाडं आणि पाण्याकडे तोंड केलेले बाक आहेत. तिथून छोटा प्रेमिकांचा पूल ओलांडला की पाकिए नावाचं मोठं हिरवंगार पटांगण लागतं. लोक तिथे चटई टाकून डबे उघडतात, तुम्हीही उघडा. त्यापुढे आल्बिनीचा रस्ता, झाडांच्या रांगांखालून, एकदम सपाट. संध्याकाळी परतीची घाई करू नका. ऊन समोरच्या डोंगरांवर पडतं, तूर्नेतचा २,३५१ मीटरचा माथा सोनेरी होतो आणि पाण्याचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो. आई तिथे तासभर काही बोललीच नाही.

चालणं कमी करायचं असेल तर तासाभराची बोटीची फेरी आहे, जुन्या गावाला लागूनच धक्का आहे.

जेवण: बहुतेक हॉटेलं दुपारचं जेवण बारा ते दोन या वेळेतच देतात. नंतर स्वयंपाकघर बंद, तेव्हा मधुमेह असेल तर सव्वाबाराला टेबल धराच. तिथली प्रसिद्ध तार्तिफ्लेत म्हणजे बटाटा, कांदा आणि रब्लोशाँ चीज, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. फोंद्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाईन असते. "साँ व्याँद, साँ प्वासाँ, साँ झ" म्हणजे मांस, मासे, अंडी नको, हे कागदावर लिहून न्या. "युन काराफ दो" म्हटलं की नळाच्या पाण्याचा जग फुकट आणून देतात.

प्रतिसाद: मोटचाक

काका पाटबंधाऱ्यातले म्हणून राहवलं नाही.

तळं सुमारे २७ चौरस किलोमीटर. भोवतालच्या डोंगरांतले ओढे आणि तळातले झरे त्यात येतात, आणि पाणी बाहेर पडतं ते थियू नदीतून. नदी म्हणायची, पण लांबी जेमतेम साडेतीन किलोमीटर. ती जुन्या गावातून कालव्यासारखी वाहते, पुढे फिए नदीला मिळते आणि ती रोनला. थियूवर दारं बसवली आहेत, त्यांनी तळ्याची पातळी राखतात. काकांना तिथे न्याच. जवळच नदीच्या मधोमध नावेच्या नाळेसारखं टोकदार दगडी घर आहे, पॅले द लिल, मूळचं बाराव्या शतकातलं. टांकसाळ, न्यायालय, तुरुंग, सगळं तिथे होऊन गेलंय.

तळ्याची गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर वस्ती आणि पर्यटन वाढलं आणि काठच्या गावांचं सांडपाणी सरळ पाण्यात जायला लागलं. पॉल सर्व्हेताज नावाचे तिथले डॉक्टर ते गावोगाव ओरडून सांगत राहिले. १९५७ मध्ये काठच्या गावांनी मिळून एक मंडळ काढलं आणि तळ्याभोवती जमिनीखालून सांडपाण्याची वाहिनी घातली. मुद्दा नीट बघा: घाण शुद्ध करून तळ्यात परत सोडली नाही, तर तळ्याच्या खालच्या अंगाला, जिथून पाणी बाहेर पडतं त्याच्याही पलीकडे, प्रक्रिया केंद्रात नेली. थेंबही आत येऊ द्यायचा नाही, हे धोरण. या कामाला दशकाहून जास्त काळ लागला. आज गावाचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून घेतात. काकांना म्हणावं, वाहिनी दिसणार नाही, पण धक्क्यावरून खाली बघा, तळ दिसेल.

काकू, रूसोचं तुमच्यासाठी. १७२८ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, जिनिव्हाहून पळालेला हा पोरगा आन्सीत मादाम द वाराँस यांना, म्हणजे पुढे त्याला आश्रय देणाऱ्या बाईंना, पहिल्यांदा भेटला. त्या जागेभोवती सोन्याचं कठडं असावं असं त्याने पुढे लिहून ठेवलं. २०० वर्षांनी, १९२८ मध्ये, गावाने तिथे खरोखरच सोनेरी कठडं बसवलं. जुन्या बिशपवाड्याच्या आवारात आहे.

प्रतिसाद: झुळूक

रब्लोशाँचं एक राहिलं. जुन्या काळी जमीनदाराचा माणूस दूध मोजायला आला की गुराखी गाय पुरती पिळत नसत. तो गेला की दुसऱ्यांदा काढायचे, त्या घट्ट दुधाचं हे चीज. आपल्याकडे गाय पान्हा चोरते, तिथे माणसं चोरायची. बाजारात मिळेल, पण त्यात वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, त्यामुळे तुम्हाला चालेल का ते तुम्ही ठरवा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना हा सगळा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. मुलगा गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आई, तिकिटं मी काढून देतो, शामोनीचं नंतर बघू." येणारा शुक्रवार ठरला.

रब्लोशाँ आम्ही घेणार नाही. हॉटेलही नको वाटतंय, बारा ते दोनची धास्ती कशाला? थालीपीठ, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन पाकिएवर बसू. आधी बाजार, मग कठडं, मग डबा, दुपारी बोट. बाकी वेळ बाकावर.

ह्यांनी तो १९५७चा परिच्छेद दोनदा वाचायला लावला आणि वहीत उतरवून घेतला. आता एकच विचारतायत: थियूवरची ती दारं हाताने फिरवतात की विजेवर? कुणी पाहिलं असेल तर सांगा. नाहीतर शुक्रवारी हे तिथे उभे राहून बघतील तेवढा वेळ मी शेजारी उभी राहीन, या वेळी हाका मारणार नाही, आणि शनिवारी इथे लिहीन.