मदत हवी आहे: कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधी संगणकाची तपासणी करणारी स्क्रिप्ट) नव्याने तयार करण्याची एकच पद्धत कशी ठरवावी?

मुंबईतील आमच्या कार्यालयात आम्ही डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी सुमारे ३० अंतर्गत पॅकेजेस बांधतो. डेबहेल्पर या पॅकेज बांधण्याच्या साधनसंचाच्या कॉम्पॅट (सुसंगतता पातळी) १० पासून डीएच_ऑटोरीकॉन्फ, म्हणजे कॉन्फिगर नव्याने तयार करणारी आज्ञा, आपोआप चालते, आणि हे मला मनापासून योग्य वाटते, कारण लिबटूल या लायब्ररी बांधणाऱ्या साधनाच्या जुन्या मॅक्रोंना पीपीसी६४ईएल हा प्रोसेसर-प्रकार ओळखता येत नाही व शेअर्ड लायब्ररी तयारच होत नाही. अडचण आहे ती स्वतःची ऑटोजेन स्क्रिप्ट (मूळ कोडसोबत येणारी, कॉन्फिगर तयार करणारी स्क्रिप्ट) असलेल्या सहा पॅकेजेसची. तेथे नुसते ऑटोरीकॉन्फ अपुरे पडते. रूल्स फाइलमध्ये (पॅकेज बांधण्याच्या पायऱ्यांची फाइल) ओव्हरराइड लिहून नेहमीच्या पायरीऐवजी ऑटोजेन चालवून पाहिली, पण ती शेवटी स्वतःच कॉन्फिगर चालवते; ते टाळण्यासाठीचे नोकॉन्फिगर हे चल (व्हेरिएबल) दोनच स्क्रिप्ट मानतात. बिल्डच्या वेळी नेटवर्क बंद असते आणि मूळ कोडमधील बदल केवळ पॅचनेच करता येतो. अशा स्थितीत प्रत्येक ऑटोजेनला पॅच लावावा, की ती वगळून लागणारे एम४ मॅक्रो (कॉन्फिगर तयार करताना वापरले जाणारे कोडचे तयार तुकडे) पॅकेजमध्येच ठेवावेत?