वर्षाला जेमतेम तीन हजार रनिंग, आणि ऑईल म्हणे स्क्रीन सांगेल तेव्हा!

पर्वरीकर
काल ‘टॉप_उघडा’ यांनी इथं लिहिलं की ऑईल लवकर बदलणं ही गॅरेजवाल्यांनी पसरवलेली अंधश्रद्धा आहे. त्यांच्या बीएमडब्ल्यू झेड४ च्या स्क्रीनवर अजून १४,००० किलोमीटर शिल्लक दिसतायत, तोवर ते बोनेटही उघडणार नाहीत. खाली टाळ्याही पडल्या. म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर सोसा.

तो आकडा ज्या गाडीसाठी आहे ती गरम होऊन तासन्‌तास एका चालीने पळते. आपल्या गाड्या काय करतात? पणजी ते मिरामार, मिरामार ते दोना पावला, आईस्क्रीम, परत. फार तर एखाद्या रविवारी उजाडता साखळी-केरीवरून चोर्ला. कुलंटचा काटा लवकर मध्यावर येतो, ऑईल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. तोवर आपण घराच्या गेटात. थंड इंजिनात पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी खालच्या ऑईल चेंबरमध्येच राहतं. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनला तर जास्तच. मग जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली आणि ते आंबट ऑईल बेअरिंगांवर बसून.

माझ्या मते किलोमीटर विसरावेत. वर्षातून एकदा, मे संपता संपता, गाडी नीट तापवून गरम ऑईल काढायचं, फिल्टरसकट नवं भरायचं आणि मगच कव्हर घालायचं.

टॉप_उघडा
नाव घेऊनच झोडपलंत, बरं केलंत. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू इंजिनियरांना कळत नाही आणि पर्वरीच्या मिस्त्रीला कळतं, असं म्हणायचंय का? गाडी नुसते किलोमीटर मोजत नाही, किती पेट्रोल जाळलं त्यावरून हिशेब करते. साडेसहा लिटर लागतं माझ्या एन५४ इंजिनाला, तेही बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मंजुरीचं. तीन हजार किलोमीटर चाललेलं सोन्यासारखं ऑईल ओतून द्यायचं कारण काय, तर पाऊस येतोय! पुस्तकात कुठे मान्सून लिहिलाय दाखवा. आणि ‘ऑईल काळं पडलंय साहेब’ हे ऐकून तर कान किटले. काळं पडणं हे ऑईलचं कामच आहे.

वेर्णा_बी_शिफ्ट
काळ्या रंगाचं बरोबर आहे, ते मान्य. बाकीचं नाही.

त्याच स्क्रीनवर किलोमीटरबरोबर महिना आणि वर्षही दिसतं. ते सांगायचं सोयीस्कर राहिलं वाटतं. जे आधी येईल ते लागू. शिवाय याच म्युनिकवाल्यांनी अमेरिकेत आधी १५,००० मैल सांगितले होते, नंतर ते १०,००० मैल किंवा एक वर्षावर आणले. इंजिनियर तेच, देव तेच.

आमच्या प्लांटमधल्या कंप्रेसरचं ऑईल लॅबला जातं. त्या खोक्यात एकदा माझ्या ऑडी टीटीच्या ऑईलची बाटलीही सरकवली. भरलं होतं ०डब्ल्यू-४०, यातला ४० म्हणजे गरम ऑईलच्या दाटपणाचा ग्रेड. १०० अंशाला दाटपणा १२.५ सेंटीस्टोकच्या खाली उतरला की ते ४० राहत नाही, ३० होतं. माझं ११ च्या आसपास निघालं. रनिंग तुमच्याहून कमी, सगळं पणजी-ताळगाव.

टॉप_उघडा
एका बाटलीवरून सिद्धांत. छान. माझ्या स्क्रीनवरची तारीख पुढच्या वर्षीची आहे, तेव्हा मी नियमातच बसतो.

म्हापसेकरीण
‘गॅरेजवाल्यांची अंधश्रद्धा’ वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांचं म्हापशात गॅरेज होतं. ते डिपस्टिक काढायचे, ऑईल दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘यात पेट्रोल आलंय, ही गाडी फक्त बाजारात जाते.’ लॅब नव्हती, मंजुरीचे नंबर नव्हते. गिऱ्हाईकाला लुबाडायचं असतं तर आमचं घर आज दोना पावलाला असतं. टॉप_उघडा, तुमच्या गाडीला डिपस्टिकच नाही ना? मग वास कशाचा घेता, स्क्रीनचा?

घाट_मस्टँग
हा हा, बाई जिंकल्या.

पण पर्वरीकरबाब, मे चुकीचा आहे. कोरं ऑईल भरून चार महिने दमट हवेत ठेवायचं आणि ऑक्टोबरात तेच घेऊन घाटात जायचं? पाऊस संपला की बदला, मोसमभर ताजं मिळेल. माझ्या व्ही८ ला पोर्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच फवारलं जातं, पेट्रोल खाली उतरण्याचं तुमचं रडगाणं मला फारसं लागू नाही. खरी समस्या गतिरोधक. रात्रीत उगवतात, ना रंग ना पाटी. चेंबर एकदा घासलं की ऑईल आपोआप बदलतं, तारीख बघावी लागत नाही.

पर्वरीकर
ऑक्टोबरवाले नेहमी हेच सांगतात. बंद इंजिनात हवा किती खेळते? ओलावा येतो तो मुख्यतः जळण्यातून, आणि तो जुन्या ऑईलमध्ये आधीच मुरलेला असतो. कोऱ्या ऑईलमधलं आम्ल मारणारं रसायन शाबूत असतं, जुन्यातलं खर्ची पडलेलं. मग चार महिने कोणतं आत ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. आणि दर रविवारी पोर्चमध्ये पाच मिनिटं घरघर करून बंद करणारे तर धन्य! तेवढ्याने ऑईल तापत नाही, पाणी मात्र वाढतं. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर बॅटरीला चार्जर लावून झोपू द्या.

धारबांदोडा_६१
सगळे शहाणे, पण ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, नाव कोणी घेत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. तेवढीच ताकद हवी तर इंजेक्टर जास्त ओतणार, इंजिन थंड असताना त्याहून जास्त. ते जाणार कुठे? तुमच्याच चेंबरमध्ये. पंपावर साधं मागायची सोय ठेवली आहे का?

वेर्णा_बी_शिफ्ट
इथेनॉल ७८ अंशाला उकळतं. ऑईल शंभरीला नेलं की बरंचसं उडून जातं. म्हणजे परत तेच, गाडी तापेपर्यंत चालवा.

धारबांदोडा_६१
उडून जातं तर जाऊ दे! पण हे इथेनॉल येतं कुठून? परराज्यातून. गोव्यातला एकुलता एक साखर कारखाना, आमचा संजीवनी, २०१९-२० च्या हंगामापासून गाळपाविना पडून आहे. तिथं इथेनॉल करायच्या गोष्टी किती वर्षं ऐकतोय. माझ्या मामांनी ऊस काढून सुपारी लावली. तुम्ही इथं ऑईलच्या वासावर भांडा.

घाट_मस्टँग
धागा कशाचा, चाललंय काय! आता इथेनॉल उसापेक्षा मका-तांदळाचं जास्त असतं, तेवढं तरी वाचून या.

धारबांदोडा_६१
सातशे रुपयांच्या ऑईल फिल्टरवर रात्र जागवणाऱ्यांनी मला वाचायला सांगू नये. सांगे-धारबांदोड्यात येऊन पाहा, तीनशे हॉर्सपॉवर घेऊन याल तर शेवटचा रस्ता पायी करावा लागेल.

टॉप_उघडा
सातशे? कुठे मिळतो? मला अडीच हजार सांगितले.

म्हापसेकरीण
धारबांदोडाबाब, ऊसवाल्यांचा राग खरा आहे, पण वेगळा धागा काढा. पहिली कमेंट माझी.

धारबांदोडा_६१
काढून काय, तिथे तुम्ही एकट्याच याल.

वेर्णा_बी_शिफ्ट
टॉप_उघडा, शोरूमच्या खोक्यात आणि बाहेरच्या खोक्यात बऱ्याचदा एकाच कारखान्याचा फिल्टर असतो. फक्त नकली टाळा, ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या. ऑईलच्या डब्यावर तर आधी एलएल-०१ शोधा, नुसतं ५डब्ल्यू-३० वाचून उचलू नका.

टॉप_उघडा
ते मला माहीत आहे, धन्यवाद. आणि मी मे महिन्यात बदलतोय याचा अर्थ पर्वरीकर बरोबर आहेत असा कोणी काढू नये. जूनमध्ये गाडी मुलीच्या लग्नाच्या गडबडीत उभीच राहणार, तेवढ्यापुरतं.

पर्वरीकर
अर्थातच. विज्ञानाचा काही संबंध नाही.

टॉप_उघडा
साडेसहा लिटरला एकेक लिटरचे सात डबे घ्यायचे, की पाचाचा कॅन आणि दोन सुटे स्वस्त पडतात?

घाट_मस्टँग
कॅन घ्या. आणि उरलेलं अर्धा लिटर जपून ठेवा, एन५४ पितं.