डीपी (कवायतीची) .३०३ रायफल : कोणता भाग मूळ, कोणता नंतरचा? (बजेट १५०० रु.)

अंबाजोगाई_एनसीसी : कॉलेजच्या कोठीत .३०३ ची निकामी केलेली रायफल आहे, कागदपत्रं व्यवस्थित. बटाजवळच्या (दस्त्याजवळच्या) लोखंडी गळ्यावर उजवीकडे मुकुट, जी.आर. (जॉर्ज राजाची आद्याक्षरं), एनफील्ड, १९१५ आणि मॉडेलचा आकडा ‘III’ आहे, पुढे तारा नाही. पण कट-ऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवणारी पट्टी) नाही, डावीकडची डायल साइट (लांबच्या नेमाची तबकडी) नाही, कॉकिंग पीस (सरकत्या बोल्टचं मागचं टोक) चपटा. फलकावर काय लिहू? फलक, साफसफाई सगळं १५०० रुपयांत बसवायचंय.

तोडेवाला : आधी काचेची पेटी करा. सागवानी चौकट, कुलूप. अठरा हजारांत होते.

कड्याकुलपं : जानेवारी १९१६ मध्ये मार्क III* (तारावाली) आली, तेव्हा कट-ऑफ, लांब पल्ल्याची डायल साइट आणि मागच्या साइटचा आडवा स्क्रू गाळला. तुमची त्याआधीची आहे. बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाच्या) उजव्या कडेला कट-ऑफची खाच असेल तर पट्टी नंतर निघालेली. मात्र खाच III* च्या काही बॉडींनाही असते, नुसत्या खाचेवर जाऊ नका. कॉकिंग पीस मुळात गोल गुंडीचा असायचा, चपटा खोबणीवाला नंतरचा.

गोदाकाठ : रझाकारांची असणार. १९४८ साली आपल्याकडं अशा लई होत्या.

कड्याकुलपं : शिक्क्यावरून ते कळत नाही. कुठं बनली एवढंच कळतं, कुणाच्या खांद्यावर होती ते नाही.

गोदाकाठ : म्हातारी माणसं सांगतात ते खोटं का?

परभणी_दारूगोळा : मॅगझिन चौकोनी असेल तर ईशापूर कारखान्याची ७.६२ समजा, ती १२ गोळ्यांची. .३०३ चं मॅगझिन १० चं. मॅगझिनच्या जरा पुढं लाकडात आडवा स्क्रू असेल तर तो भारतात घातलेला, लाकूड फाटू नये म्हणून. मग पुढचं लाकूडही बदललं असेल, डायल साइट त्याच्याबरोबर गेली.

तोडेवाला : कट-ऑफ नसेल तर III*च. उगं डोकं लावू नका.

कड्याकुलपं : तारा नाही म्हणतायत ना ते! आता भागांवरचे आकडे जुळवा, वेगळा निघाला तो भाग नंतरचा : बॉडीचं पुढचं कडं, बोल्टच्या दांडीची मागची बाजू, मागच्या साइटच्या पानाची खालची बाजू, नाकाडाची टोपी (नळीच्या टोकाजवळची). शिक्के पुसट असतील तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, खडू घासा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. पॉलिश पेपर लावू नका, शिक्का गेला की परत येत नाही. लाकडाला अळशीचं कच्चं तेल, बोटभर, चोळून पुसायचं.

आणि एक. बट सैल आहे म्हणून मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बटाचा बोल्ट फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला की लाकूड मागच्या टोकाला चिरतं. बऱ्याच रायफली तिथंच फाटतात.

परभणी_दारूगोळा : तेच सांगणार होतो, बटाच्या बोल्टला हात लावू नका. कट-ऑफ शोधून बसवा, मग ‘१९१५’ लिहायला लाज नाही.

तोडेवाला : पेटी झाली का?

अंबाजोगाई_एनसीसी : बोल्टवरचा आकडा वेगळा निघाला, कड्यावरचा वेगळा. मॅगझिनपुढं लाकडात आडवा स्क्रू आहे. बसवत काहीच नाही, पेटीही नाही. पितळी फलक ९०० रुपयांत होतोय : ‘एनफील्ड १९१५, मार्क III, बोल्ट, लाकूड व कॉकिंग पीस नंतरचे.’

कड्याकुलपं : पितळी कशाला, कागदावर लिहून ठेवलं असतं, आणखी काही सापडलं तर बदलता येतं. बरं, करताय तर करा. फक्त फलकाचे स्क्रू भिंतीत मारा, बटात नको.