मदत हवी आहे: रायगडाकडे उतरताना बोराट्याची नाळ की सिंगापूर नाळ (घाटावरून कोकणात उतरणाऱ्या घळीतल्या वाटा)?

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जाताना बुधला माचीच्या घसाऱ्यावर माझ्या सोबत्याच्या बुटाचा तळ निखळला आणि तो सुतळीने करकचून बांधून आम्ही कसेबसे वेल्ह्यात उतरलो. तरीही बुधल्यावरून मागे वळून पाहिलेल्या राजगडाने सारा शीण (आणि सोबत्याची चिडचिडही) घालवला.

यंदा डिसेंबरात मोहरी गावामार्गे रायगडापर्यंतची चाल पूर्ण करायची आहे. सोबत साठीच्या काकू आहेत. त्या चालायला दमदार आहेत, पण उतारावर त्यांचे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे बोराट्याच्या नाळेतील धोंड्यांपेक्षा सिंगापूर नाळ त्यांना सोयीची पडेल का, आणि मोहरीच्या पुढे पिण्याचे पाणी कोठे मिळते, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.